स्वराले पुढं बसवा

या, सावलीत घ्या खुर्ची. तुमी फोनात पाह्यलं असंल, टीव्हीवर पाह्यलं असंल, अन् मनात माझ्या भावाचं, राजकुमारचं, एक चित्र तयार करूनच आले असान. हरकत नाई. आज मी तुमाले त्या बातमीच्या मांगचं घर दाखवतो. मी चौथीपर्यंत शिकलेला मानूस, अर्धी जिंदगी नागपूर-हैद्राबाद रोडवर ट्रक हाकला, मले सजवून बोलता येत नाई. पन त्या दिवशी मी तिथं होतो, अन् जे माझ्यासमोर झालं नाई ते ज्याच्यात्याच्या तोंडून मागून आयकलं. मधात उठू नका, एवढंच.

आमच्या धाकट्याचा आधीचा उद्योग तुमाले ठाऊक हाय. राजकुमार झेडपीटीसी, म्हंजे झेडपीचा मेंबर, झाला तवापासून त्याचे दोन हात जोडलेलेच राह्यले. त्याची बायको भाग्यलक्ष्मी सांगे, झोपेत कूस बदलली तरी नमस्कार करते. औंदा त्याले आमदारकीचं तिकीट पायजे होतं. हैद्राबादच्या चकरा मारून मारून गाडीचे टायर गुळगुळीत झाले, अन् पोळ्याच्या आठवड्यात पार्टीवाल्यायनं त्याले जवळजवळ हो म्हनलं. जवळजवळ.

पोळ्याले आमी सगळे पैनगंगेकाठी गावावर गेलो. माझा मधला भाऊ राघवेंद्र, आदिलाबादच्या कॉलेजात लेक्चरर, तो आपली बायको पूर्णिमाले घेऊन आला. बहीन बयनाबाई आली. अन् राघवेंद्राची पोरगी स्वरा इचोड्याहून आली. ती तिकडं शेतीखात्यात नोकरीले हाय, कपाशीवर कीड पडली का गावोगाव गाडीवर फिरते. तिच्यासंगं एक पाहुना होता, जुमा. टांझानियाचा पोरगा, हैद्राबादले शेतीचंच शिकून राह्यला, आपल्याकडची कपाशी पाहाले आल्ता. उंच, शांत, अन् आपल्या वावरातल्या काळ्या मातीसारखा रंग. पूर्णिमानं त्याले पुरनपोळी वाढली तं त्यानं दुधात बुडवून खाल्ली, अन् स्वराले इचारून 'लय चांगली' हे दोन शब्द शिकून घेतले.

झडत्या तुमी आयकल्या असान. नसान तं सांगतो. तोरनाखाली बैलजोड्या उभ्या राह्यल्या का मानसं एकेक करून पुढं येतात अन् कवन म्हनून चिमटे काढतात. पाटलाले, सावकाराले, सोसायटीच्या चेअरमनले, व्याह्याले. ज्याच्यावर घातली त्यानं रागवाचं नाई, त्यानं उलटी घालाची. शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव' म्हनतात अन् तोरन तुटते. आता बैल कमी झाले अन् मोबाईल वाढले, पन झडत्या हायेत.

राजकुमारवर कोनीतरी टायरवरून एक घातली. लोकं हासले. मंग राजकुमार पुढं आला, माईक घेतला, समोर जुमा दिसला, अन् याच्या जिभेले खाज सुटली.

"कपाशी फुटली पांढरी, वावर झालं गोरं गोरं,
स्वराबाईनं पाहुनं आनलं चुलीमागचं पोरं.
दिवा लावा रे दिवा लावा, अंधारात दिसंना बावा,
हासला तवा दात दिसले, म्हनलं मानूस हाय बावा."

सारं गाव हासलं. जुमा बी हासला. त्यानं टाळ्या वाजवल्या. मंग स्वराकडं वाकून काहीतरी इचारलं, अन् ती काहीतरी बोलली. पाच-पन्नास फोनात ते सगळं भरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ हैद्राबादले पोचला. तिथल्या पोरायनं खाली इंग्रजीत अर्थ लिहिला. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर. विरोधी पार्टीचे लोकं आदिलाबादच्या चौकात राजकुमारचा पुतळा घेऊन उभे, अन् पुतळ्याच्या तोंडाले डांबर फासलेलं. मी म्हनलं, अरे, काळं वाईट नाई हे सांगाले आले अन् तोंड काळंच केलं. पन तिथं माझं आयकते कोन.

दुपारी राजकुमारचा फोन. आदिलाबादले लागून असलेल्या मावल्याच्या माझ्या घरी सगळे या, आत्ताच्या आत्ता. पार्टीनं संध्याकाळपर्यंतची मोहलत देल्ती. माफीचा व्हिडिओ चांगला झाला तं तिकीट, नाई तं दुसरा मानूस तयार होता.

मी जीप काढली, बयनाबाईले घेतलं, गेलो. वरच्या हॉलात सोफे भिंतीले सरकवले होते, मधात एक खुर्ची, तिच्यासमोर गोल दिवा लावलेला. त्या दिव्यापाशी कुलदीप नावाचा पोरगा. पार्टीनं हैद्राबादून पाठवलेला, पायात पांढरे बूट, तोंडात हिंदी. राजकुमार घरात इकडून तिकडं फिरून राह्यला अन् एकच गोष्ट घोकून राह्यला. "तो हासला ना? तुमी पाह्यलं ना? तो बी हासला."

बयनाबाई आधी त्याच्याच बाजूनं होती. म्हने, झडती हाय, झडतीत मानूस काहीबी बोलते, आमच्या सासऱ्यावर तं लोकायनं काय काय घातलं. राघवेंद्र तिले समजावून सांगे का बाई, हे टीव्हीवाले याले वर्णद्वेष म्हनतात.

"म्हंजे काय?"

"म्हंजे चामडीच्या रंगावरून मानसाले कमी समजनं."

बयनाबाईनं थोडा इचार केला. "मंग आपल्या घरचं रोजचं बोलनं टीव्हीवर गेलं म्हन ना."

राजकुमार तिच्यावर चिडला. तू कोनाच्या बाजूनं हायेस, असं इचारलं. ती म्हने, मी आत्तापर्यंत तुह्याच बाजूनं होती, पन आता मले एक सांग, त्या पोरानं उलटी झडती घालाची कशी? त्याले मराठी येते का? झडती त्याच्यावर घालाची जो उलटून घालू शकते. राघवेंद्र म्हने, बाई, हा मुद्दा टीव्हीवर चालनार नाई. कोनाचंच कोनाशी जुळंना. चहा आला, चहा थंड झाला, पुन्यांदा गरम करून आला.

कुलदीपनं हे मराठी अर्धं समजून घेतलं अन् म्हनला, "अन्ना, माफी-वाफी ठीक है. लेकिन खाली माफी माँगोगे तो गुनहगार दिखोगे. कुछ ऐसा चाहिए के देखनेवाला बोले, ये आदमी ऐसा हो ही नहीं सकता."

 मंग मले दिसलं, एकेकाचं डोकं हळूहळू दाराकडं फिरलं. दारात पूर्णिमा उभी होती, तिच्यामांगं स्वरा.

कोनी बोललं ते नीट सांगतो, कारन मागून सगळे म्हनत होते का मी नाई बोललो. भाग्यलक्ष्मी बोलली. "स्वराले पुढं बसवा ना. हे सांगतीन का ही माझी पुतनी, एवढी सावळी, हिले मी लेकरासारखं वाढवलं. मंग कोन म्हनंल का हे रंग पाहातात?"

राजकुमारच्या तोंडावर उजेड आला. खोटं नाई सांगत, तो खोटा मानूस नाई. स्वरा लहान होती तवा यानंच तिले शाळेत सोडलं, टायफाईड झाला तवा आठ दिवस दवाखान्यात हाच बसला, तिच्या नोकरीच्या परीक्षेले हैद्राबादले हाच घेऊन गेला. त्याचा जीव होता तिच्यावर. अन् जीव होता म्हनूनच तो तिले दिवसातून दहादा काळी मैना म्हने, कोळसेबाई म्हने, पाहुन्यायसमोर म्हने, "हिले फोटोत शोधाले बॅटरी लागते." ती हासे. आमी बी काही म्हनलं नाई. असं चाललं.

"ये बेटा," राजकुमार म्हनला. "काही बोलाचं नाई. नुसती बस माझ्याजवळ."

स्वरा आली नाई. म्हनली, "काका, जुमाले फोन केला का?"

राजकुमारनं कुलदीपकडं पाह्यलं. कुलदीपनं राघवेंद्राकडं पाह्यलं. राघवेंद्रानं चष्मा पुसाले घेतला. तिसरा दिवस होता, साऱ्या तेलंगानानं तो व्हिडिओ पाह्यला होता, पार्टीचे दहा लोकं दहा ठिकानाहून फोन करून राह्यले होते, पन ज्याच्यावर झडती घातली त्याले एकानं बी फोन केला नव्हता. तो आदिलाबादलेच होता. कपाशी संशोधन केंद्राच्या गेस्टरूमात. मावल्याहून गाडीनं गेलं तं चहा थंड होत नाई एवढ्या अंतरावर.

"करू," राजकुमार म्हनला. "आधी हे होऊ दे."

आता राघवेंद्राचं सांगतो, नाई तं तुमी त्याले राक्षस समजान. तो पोरीले बाजूच्या खोलीत घेऊन गेला. मले हे त्यानंच सांगितलं, लय दिवसानं, अन् सांगताना मान वर केली नाई. स्वरासाठी पाहुने पाहून पाहून तो थकला होता. पोरगी शिकलेली, सरकारी नोकरी, सगळं ठीक, मंग फोटो पाठवला का तिकडून निरोप येई, पत्रिका जमत नाई. पत्रिका न पाहताच जमत नसे. शेवटी निर्मलचं एक स्थळ लागलं, पोरगा बँकेत, अन् ते राजकुमारनं आनलेलं. त्याइनं रंगाचं नाव काढलं नाई, कारन होनाऱ्या आमदाराची पुतनी. तिकीट गेलं तं ते बी जाईल, एवढाच हिशेब राघवेंद्राच्या डोक्यात होता. तो पोरीले म्हनला, पाच मिन्टाचं काम हाय, नुसतं बसाचं हाय, तुह्याच भल्याचं हाय.

ती म्हनली, "बाबा, माह्या रंगावरून लोकं लग्न मोडतात. आता माह्याच रंगावर काकाचं तिकीट जमवता. माहं काय हाय याच्यात?"

राघवेंद्र म्हने, "भाऊ, मी म्हनलं, हट्ट करू नको."

अन् ती बाहीर येऊन खुर्चीजवळच्या स्टुलावर बसली. हो, बसली. बापानं म्हनलं म्हनून बसली. तुमाले वाटलं असंल का ती तिथंच उठून गेली. आपल्याकडच्या पोरी अशा उठत नाईत, त्याइले वेळ लागते.

कुलदीपनं दिवा लावला. फोनात पाह्यलं. दिव्याची दांडी इकडं केली, तिकडं केली. मंग तोंड वाकडं करून राजकुमारच्या कानात काहीतरी बोलला. राजकुमारनं भाग्यलक्ष्मीले खूण केली. भाग्यलक्ष्मी आत गेली अन् ओला नॅपकिन घेऊन आली, अन् तो पूर्णिमाच्या हातात देल्ला.

"वहिनी, हिची पावडर जरा पुसून द्या," ती हळूच म्हनली. "तो पोरगा म्हनते, गोरी दिसून राह्यली."

आता इथं जरा थांबतो.

पूर्णिमा आमच्या घरात पंचवीस वर्सं हाय. मी तिले कधी मोठ्यानं बोलताना आयकलं नाई. पोरगी जन्मली तवा पाह्याले येनाऱ्या बायका पाळन्यात वाकून म्हनत, 'असो, नाकीडोळी नीट हाय.' तवापासून या बाईनं पोरीचं तोंड घासनं चालू केलं. हळद, साय, बेसन, मंग बाजारातल्या ट्यूबा. ऊन लागते म्हनून पोरीले खेळाले सोडलं नाई. कोनी पाहाले येनार असलं का सकाळपासून पावडरचा डबा उघडा. स्टुडिओत फोटो काढला तं फोटोवाल्याले वरून सांगे, भाऊ, जरा उजळ करा. त्या दिवशी मावल्याले निघतानाही तिनंच पोरीले पावडर लावली होती, टीव्हीवाले असतीन म्हनून. मागून मले म्हनली, "भाऊजी, तो नॅपकिन हातात आला अन् मले एकदम दिसलं, का एवढे वर्सं मी कोनासाठी घासत होती."

ती पोरीसमोर वाकली. नॅपकिन गालाजवळ नेला. सगळे पाहून राह्यले होते, कुलदीपचा फोन चालू होता. अन् तिनं तो नॅपकिन आपल्याच तोंडावरून फिरवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, जोरानं. मंग दिव्याच्या उजेडात राजकुमारकडं वळली.

"मले बसवा," ती म्हनली. "मी बी सावळीच हाये, भाऊ. लग्न होऊन आली तवा तुमी मले चहावहिनी म्हनत होते. आठवते का? मी हासत होती. मले बी पुढं बसवा."

राजकुमार नुसता तिच्या तोंडाकडं पाहात राह्यला. खरंच सांगतो, त्याले आठवतच नव्हतं. चहावहिनी हे नाव त्यानं ठेवलं, सारं घर वर्सभर तेच म्हने, मंग सुटलं. त्याच्यासाठी ती गंमत होती, संपली. तो म्हनला, "वहिनी, मी प्रेमानं म्हनलं असंल."

स्वरा स्टुलावरून उठली. "प्रेमानंच म्हनलं काका. म्हनून तं तुमाले कोनी थांबवलं नाई."

राघवेंद्र ओरडला, स्वरा, काका हायेत तुहे. बयनाबाई त्याच्यावर ओरडली का तू चूप बस, तुह्या बायकोनं तोंड पुसलं तवा तुही जीभ कुठं होती. भाग्यलक्ष्मी रडाले लागली का आमच्या घराचं वाटोळं करता. म्हंजे मघाशी जे इकडं होते ते तिकडं गेले, अन् मी मधात, तो गोल दिवा अंगावर घेऊन उभा. डोकं उठलं बाप्पा. मी म्हनलं, सगळे एक मिनट चूप बसा, अन् पोरीले काय पायजे ते इचारा.

स्वरा म्हनली, "मी बसते. जेवढा वेळ म्हनान तेवढा बसते. आधी काका मोठेबाबाच्या जीपमधी बसून जुमाकडं येतीन. फोन इथं ठेवतीन. माफी मागतीन अन् परत येतीन. मंग मी या स्टुलावर बसते."

सरळ गोष्ट होती. जायले दहा मिनटं, यायले दहा. मी जीपची चावी हातात बी घेतली.

राजकुमारनं कुलदीपले इचारलं. हे पाहा, भावाले नाई इचारलं, वहिनीले नाई, कुलदीपले. कुलदीप म्हनला का अन्ना, जायचं तं मी बी येतो, व्हिडिओ उधर ही करेंगे, और अच्छा होगा.

"फोन नाई," स्वरा म्हनली.

राजकुमार मंग जे बोलला ते मी सांगतो, अन् तो खरंच तसं बोलला, रागानं नाई, समजावून बोलला, जसं लहान पोराले समजावते. "बेटा, कोनी पाह्यलंच नाई तं त्या माफीचा उपयोग काय?"

पूर्णिमानं पोरीचा हात धरला. दारात माझ्याजवळ येऊन थांबली. म्हनली, "भाऊजी, चावी हाय ना हातात? मंग चला."

आमी तिघंच गेलो.

कपाशी केंद्राच्या मांगं दोन खोल्या हायेत. जुमा ओसरीत बसून कांदा चिरत होता. आमाले पाहून उठला, खुर्च्या आनल्या. तोंडावर राग नव्हता, मले तो असता तं बरं झालं असतं. स्वरा त्याच्याशी इंग्रजीत बोलाले लागली. तो मधातच थांबला अन् हिंदीत बोलला, आमाले समजावं म्हनून असंल.

"मैंने उस दिन पूछा था, क्या बोल रहे हैं. तुमने बोला, वेलकम कर रहे हैं."

तवा मले समजलं का झडतीनंतर ती वाकून काय बोलली होती. तिले त्याचा अपमान त्याले सांगाची लाज वाटली. घरचा मानूस होता ना बोलनारा. तिले वाटलं, गावची गोष्ट गावात राहील, पाहुना चांगली याद घेऊन जाईल. अन् तो बिचारा टाळ्या वाजवत राह्यला. आता त्याच टाळ्यायकडं बोट दाखवून आमचा राजकुमार सांगे, पाहा, तो बी हासला.

"हो," स्वरा म्हनली. "मी खोटं बोलली." हे मराठीतच म्हनली. त्याले समजलं.

"तुम्हारे अंकल को मैं नहीं पहचानता," जुमा म्हनला. "तुमको पहचानता था."

 पूर्णिमानं पोरीकडून त्याले इचारून घेतलं का घरी माय हाय का. तो म्हनला, हाय. गावच्या एका पोरानं तिले व्हिडिओ पाठवला. तिनं तो पाह्यला, अन् फोनवर एकच इचारलं, तिथं तुले जेवाले देतात ना.

मंग त्यानं कांदा परतला, भात केला, अन् आमाले जेवल्याशिवाय जाऊ देल्लं नाई. तुमी म्हनान, मंग झालं, माफ केलं त्यानं. नाई केलं. आमच्याकडं बी पाहुन्याले उपाशी पाठवत नाईत, म्हनून काय पाहुन्यासंगं सगळं मिटलेलं असते का. निघताना त्यानं स्वराशी हात मिळवला. सकाळची बस होती त्याची. पुढच्या हंगामात कपाशी पाहाले तो दुसऱ्या जिल्ह्यात जानार होता.

 परत येताना मावल्याच्या वळनावर पूर्णिमाच्या फोनाले टुंग टुंग सुरू झालं. माहेरून, शेजारून, निर्मलहून. तिनं फोन पाह्यला, अन् मले गाडी बाजूले घ्याले लावली.

जैनथच्या जत्रेतला फोटो होता. राजकुमार तवाचा, मिशा काळ्याभोर, अन् त्याच्या खांद्यावर चार वर्साची स्वरा, हातात पिपानी, ऊन लागून तोंड तेलकट झालेलं. वर राजकुमारचं नाव, पार्टीचं निशान, अन् खाली लिहिलेलं: ही माझी काळी मैना. हिला खांद्यावर वाढवलं. मी रंगभेद करीन का?

तो फोटो एकाच ठिकानी होता. राघवेंद्राच्या फोनात. तो कोनाले दाखवत नसे, मी बी तवाच पाह्यला.

स्वरानं फोटो पाह्यला.  काचेतून बाहीर पाहात राह्यली, जशी ती टायफाईडात भिंतीकडं पाहात असे. पूर्णिमा म्हनली, भाऊजी, मावल्याले नका नेऊ. इचोड्याले चला. मी गाडी फिरवली.

राजकुमारले तिकीट भेटलं. आता तो हासते तवा कुलदीप त्याच्या मांगं उभा असते. माझ्याकडं आल्ता एकदा, म्हने, भाऊ, पोरगी मले बोलत नाई, मी तिचं काय वाकडं केलं? त्याले खरंच समजत नाई, हेच तं डोक्याले लागते. समजून करनाऱ्याले मानूस दोन शिव्या देऊन मोकळा होते. निर्मलवाल्याइले स्वरानंच फोन केला अन् सांगितलं, काका आमदार होवो का न होवो, मी फोटोत दिसते त्याहून सावळीच हाये. ते इचार करून सांगतो म्हनले. अजून इचार चालू हाय त्याइचा. पूर्णिमा इचोड्यालेच राहते पोरीपाशी. राघवेंद्र दर रविवारी बसनं जाते, दाराबाहीर बसते, पूर्णिमा चहा देते, पोरगी आतून बाहीर येत नाई.

पन फोटो थांबला नाई. इचोड्याच्या बाजारात स्वरा खताच्या दुकानात गेली तं मालक म्हने, 'आप वही काली मैना है ना?' चांगल्या मनानं म्हने. संगं फोटो काढून मागते. शेतकऱ्याच्या पोरायच्या फोनात तोच, धाब्यावरच्या टीव्हीखाली तोच चिकटवलेला. अन् ज्याच्यावरून हे सगळं झालं तो पोरगा कोनाच्याच ध्यानात नाई, त्याचं नाव बी कोनाले सांगता येत नाई.

बस, एवढंच. आता तुमी इचोड्यावरूनच जानार, तं माझं एक काम करा. तुमच्या फोनात तो फोटो हाय, मले माहीत हाय, सगळ्यायच्याच हाय. काढा फोन. इथंच, माझ्यासमोर पुसा. अन् तिकडं पोरगी भेटली तं कपाशीचं इचारा, गुलाबी अळीचं इचारा, तिले त्यातलं लय समजते. तिच्या तोंडाचं काही बोलू नका. चांगलं बी नका बोलू.